लग्नाआधीचा मैत्रिणींचा शनिवार-रविवार: मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलांची पारख

पंचतारांकित हॉटेलातली खोली दोघांच्या हिशेबाने बांधलेली असते आणि लग्नाआधीचा मैत्रिणींचा शनिवार-रविवार आठ-दहा जणींचा असतो. मुंबईत या निमित्ताने हॉटेल शोधताना जी फसगत होते, तिचे मूळ बहुतेक वेळा याच एका गोष्टीत सापडते. संकेतस्थळावरचा समुद्र, तरणतलाव आणि संगमरवरी न्हाणीघर पाहून आपण भुलतो, चार खोल्या घेऊन मोकळे होतो, आणि रात्री साडेबाराला सगळ्या मैत्रिणी दोघांच्या एका खोलीत, काही पलंगावर, काही गालिच्यावर आणि एक कोपऱ्यातल्या टेबलापाशी, अशा अवघडून बसलेल्या असतात. शेजारच्या खोलीतून तक्रार गेली की रिसेप्शनवरून अत्यंत नम्र फोन येतो आणि रंगात आलेली मैफल मोडते. म्हणून या लेखात हॉटेलांची पारख करताना माझी पहिली कसोटी एकच आहे: रेस्टॉरंट आणि बार बंद झाल्यावर या मुली एकत्र बसणार कुठे? समुद्राचे दर्शन, खानपान, स्पा आणि हॉटेलचे नाव या गोष्टी त्यानंतर येतात.

आमच्या नात्यागोत्यात केळवणांचे वेळापत्रक आणि बॅचलरेटची, म्हणजे नवरीने लग्नाआधी मैत्रिणींबरोबर करायच्या मौजेची, व्यवस्था ही दोन्ही कामे आता जवळजवळ माझ्याच अंगावर पडू लागली आहेत. त्यामुळे या हॉटेलांशी माझा संबंध कधी मुक्कामाचा, कधी नुसत्या चहा-जेवणाचा, तर कधी आरक्षण विभागाशी फोनवर घातलेल्या दीर्घ हुज्जतीचा असा संमिश्र आहे. सुरुवातीला प्रत्येक गट गोव्याचेच नाव घेतो. मग कुणाची रजा नसते, कुणाचे मूल लहान असते, विमानाची तिकिटे लग्नसराईत महागलेली असतात, आणि गाडी हळूहळू मुंबईवर येते. हे काही वाईट नाही. पुण्याच्या मुलींना डेक्कन क्वीनने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठता येते. मोटारीने येणाऱ्यांना जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू थेट शिवडीला आणून सोडतो; आणि परदेशातून लग्नासाठी येणारी मैत्रीण बहुधा मुंबईच्या विमानतळावरच उतरते. एकाच रात्रीचा मुक्काम असेल तर प्रवासात दिवस न घालवणे हीच मोठी चैन ठरते.

खोल्यांचा विचार आधी करू, कारण खरी मेख तिथेच आहे. आठ जणींसाठी चार सारख्या खोल्या घेण्यापेक्षा तीन साध्या खोल्या आणि बैठकीचे स्वतंत्र दालन असलेला एक सुइट घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्र दिसणाऱ्या चार खोल्यांऐवजी शहराच्या बाजूच्या तीन खोल्या घेतल्या, तर वाचलेल्या पैशातून सुइटचा बराचसा जादा खर्च भरून निघतो. नाहीतरी खोलीत आपण झोपायलाच जाणार असतो, आणि झोपेत समुद्र दिसत नाही. सुइट परवडत नसेल तर आतून जोडलेल्या दोन खोल्या मागाव्यात. इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. शेजारच्या खोल्या आणि आतून जोडलेल्या खोल्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आरक्षण घेणारा माणूस फोनवर दोन्हींना सारख्याच उत्साहाने हो म्हणतो. आतून जोडलेल्या खोल्यांच्या मधल्या भिंतीत पाठीला पाठ लावून दोन दारे असतात, प्रत्येकाची कडी आपापल्या बाजूला. दोन्ही कड्या उघडल्या की दोन खोल्यांची एक मोठी जागा होते आणि मधल्या बोळात चपलांचा ढीग साचला तरी कुणाच्या पायात येत नाही. अशा खोल्या प्रत्येक मजल्यावर मोजक्याच असल्याने ‘उपलब्धतेनुसार’ या शब्दावर विसंबू नये, त्या निश्चित दिल्या आहेत असे ईमेलवर लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट आरशांची. हसण्यावारी नेऊ नका. संध्याकाळी सातला आठही जणींना एकदम तयार व्हायचे असते, त्यातल्या दोघी-तिघींनी साडी आणलेली असते, आणि खोलीत पूर्ण उंचीचा आरसा सहसा एकच असतो, तोही कपाटाच्या आणि न्हाणीघराच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, जिथे निऱ्या धरायला खाली बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवरून उडी मारल्याशिवाय कुणाला बाहेर पडता येत नाही. केस सरळ करण्याचे यंत्र, ड्रायर आणि इस्त्री एकाच वेळी लावायची तर आरशाजवळचे प्लग पुरत नाहीत. सुइटमध्ये बहुधा दोन आरसे आणि दोन न्हाणीघरे मिळतात, आणि निव्वळ या कारणासाठीही तो घेण्यासारखा आहे. जुळे पलंग हवेत की एकच मोठा पलंग, हेही आधीच सांगावे. समुद्राच्या बाजूच्या चांगल्या खोल्यांत एकच मोठा पलंग असण्याची शक्यता अधिक असते.

आता प्रत्यक्ष हॉटेलांकडे वळू. मुंबईत हॉटेल निवडणे म्हणजे मुंबईचा एक तुकडा निवडणे, कारण शनिवारी संध्याकाळी कुलाब्याहून जुहूला जाऊन परत येण्याची योजना जी आखते, तिला बहुतेक या शहराची ओळख नसते.

अपोलो बंदरावरच्या ताज महाल पॅलेसचे नाव यादीत पहिले येते आणि ते यावेच. जमशेटजी टाटांनी उभारलेले हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. समोरचे गेटवे ऑफ इंडिया पूर्ण झाले १९२४ मध्ये, म्हणजे दोन दशकांनंतर. घुमटाची जुनी इमारत आणि तिच्या शेजारचा १९७३ मधला उंच टॉवर असे हॉटेलचे दोन भाग आहेत, आणि बॅचलरेटसाठी या दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे. जुन्या इमारतीतल्या खोल्यांना, जिन्याला आणि लांबलचक मार्गिकांना जो रुबाब आहे, तो मुंबईत दुसरीकडे नाही. पण तिथला दर टॉवरपेक्षा बराच अधिक असतो आणि तिथली शांतता आठ जणींच्या खिदळण्याला मानवणारी नाही. माझा सल्ला असा की झोपायला टॉवर घ्यावा आणि जागेपणाचा वेळ जुन्या इमारतीत काढावा, कारण टॉवरमध्ये उतरलेल्या पाहुण्यालाही तोच जिना, तोच तरणतलाव आणि तेच सी लाउंज मिळते.

सी लाउंजविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. पहिल्या मजल्यावरच्या या दालनाच्या खिडक्या बंदराकडे उघडतात, खाली पर्यटकांच्या आणि कबुतरांच्या गर्दीपलीकडे घारापुरीला आणि मांडव्याला जाणाऱ्या बोटी ये-जा करत असतात, आणि दुपारच्या चहाच्या वेळी नाजूक सँडविच व केक यांच्या जोडीला भेळ, शेवपुरीसारखे खास मुंबईचे पदार्थही मांडलेले असतात. एकेकाळी मुंबईतली अनेक सुखवस्तू पारशी आणि गुजराती घराणी मुलगा-मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम याच टेबलांवर करत असत. लग्न ठरलेल्या मुलीला तिच्या मैत्रिणींनी तिथेच चहाला न्यावे, यात एक गोड खोडसाळपणा आहे. खिडकीजवळची टेबले मोजकी आहेत आणि ती दोघा-चौघांना सोयीची आहेत. त्यामुळे आठ जणींनी खिडकीचा हट्ट न धरता आतल्या बाजूचे मोठे टेबल आधी राखून ठेवावे आणि आळीपाळीने खिडकीशी जाऊन फोटो काढावेत. ज्या गटात नवरीची एखादी मावशी किंवा होणारी नणंद आहे, त्यांच्यासाठी ही संध्याकाळ उत्तम, कारण इथे कुणाला अवघडल्यासारखे होत नाही. चहानंतर ज्यांना पुढचा टप्पा गाठायचा आहे त्यांच्यासाठी तळमजल्यावर हार्बर बार आहेच. १९३३ पासूनचा हा बार शहरातला पहिला परवानाधारक बार म्हणून ओळखला जातो.

ताजची एक अडचण मात्र ताजच्या हातात नाही. शनिवारी-रविवारी गेटवेच्या परिसरात जी गर्दी उसळते, तिच्यातून टॅक्सी हॉटेलच्या दारापर्यंत आणणे हा संयमाचा कस असतो. याचा फायदा असा की मागच्या गल्लीतून चालत निघालात तर कुलाबा कॉजवे पाच मिनिटांवर आहे, आणि संध्याकाळच्या कपड्यांवर शोभतील असे शंभर-दोनशे रुपयांचे कानातले तिथे घासाघीस करून घेण्यात जी मजा आहे, ती हॉटेलच्या तळमजल्यावरच्या चकचकीत दुकानांत नाही.

माझी स्वतःची पहिली पसंती मात्र ताजला नाही, नरिमन पॉइंटच्या ट्रायडेंटला आहे. कारणे तीन. पहिले दिशेचे: गेटवे पूर्वेला तोंड करून उभे आहे, त्यामुळे ताजच्या खिडकीतून सूर्योदय दिसतो, तर मरीन ड्राइव्ह पश्चिमेला असल्याने तिथे सूर्यास्त मिळतो, आणि आदल्या रात्री तीनला झोपलेल्या मुलींना यातले कोणते दृश्य उपयोगी पडणार हे सांगायला नको. दुसरे कारण शेजाराचे: ओबेरॉय आणि ट्रायडेंट ही एकाच समूहाची हॉटेले एकमेकांना लागून उभी आहेत. मुक्काम ट्रायडेंटला ठेवावा, तिथला दर सहसा कमी असतो, आणि शनिवारचे थाटाचे जेवण ओबेरॉयच्या व्हेट्रोमध्ये करावे. रात्री परतायला ना गाडी लागते ना कुणाची वाट पाहावी लागते. ओबेरॉयमधली सरबराई अधिक मुलायम आहे हे खरे, खोल्याही अधिक देखण्या आहेत, पण ती मुलायमता मधुचंद्राला जाणाऱ्या दोघांच्या उपयोगाची आहे. तिसरे कारण असे की नरिमन पॉइंट ही कचेऱ्यांची वस्ती. सोमवार ते गुरुवार इथली हॉटेले कामानिमित्त आलेल्या लोकांनी भरतात आणि शनिवारी-रविवारी रस्ते ओस पडतात, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवसांपेक्षा शनिवारचा दर खाली आलेला दिसण्याची शक्यता इथे अधिक असते. गोव्यात किंवा लोणावळ्यात नेमके याच्या उलट होते.

याशिवाय हॉटेलच्या दारातून रस्ता ओलांडला की मरीन ड्राइव्हचा कठडा आहे. मध्यरात्रीच्या सुमारासही तिथे कुटुंबे, विद्यार्थी, चहावाले सायकलस्वार आणि एकटेच बसलेले म्हातारे गृहस्थ असतात, आणि आठ मुलींचा घोळका गप्पा मारत बसला तरी कुणी वळून पाहत नाही. रात्री एकत्र बसायचे कुठे, या माझ्या पहिल्या प्रश्नाचे हे फुकटातले उत्तर आहे. पाठीमागे ज्या आर्ट डेको इमारतींची रांग आहे, तिचा २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. फोटोसाठी याहून चांगली पार्श्वभूमी कुठला सजावटवाला उभी करणार? संध्याकाळी चालत चर्चगेटकडे गेलात तर के. रुस्तममध्ये दोन पातळ बिस्किटांच्या मधे आइस्क्रीमची जाड वडी ठेवून कागदात गुंडाळून देतात. ती पटपट खावी लागते, नाहीतर कोपरापर्यंत ओघळते. मेंदी काढलेल्या मुलीने ती दुसऱ्या कुणाच्या हातून खावी.

लोअर परळच्या सेंट रेजिसची गोष्ट वेगळी आहे. फिनिक्स मिलच्या आवारातली ही उंच इमारत २०१२ मध्ये शांग्री-ला म्हणून सुरू झाली आणि २०१५ पासून सेंट रेजिस या नावाने ओळखली जाते. समुद्र इथे दाराशी नाही, पण फिनिक्स पॅलेडियम मॉल अगदी लागून आहे, वर गच्चीवर असिलो हा बार आहे, आणि आजूबाजूला जुन्या गिरण्यांच्या आवारांत रेस्टॉरंट आणि बार इतके आहेत की हॉटेलबाहेर पडून चालत जाण्याइतक्या अंतरात संध्याकाळ उरकता येते. पंचविशी-तिशीतल्या, नाचायला उत्सुक असलेल्या गटाला मी निःशंकपणे हेच सुचवेन. सेंट रेजिसच्या बटलर सेवेचा बोलबाला मोठा आहे आणि ती गटाला खरोखर उपयोगी पडू शकते, मात्र ‘काही लागले तर सांगा’ यावर थांबू नका. किती कपड्यांना इस्त्री हवी, चहा कोणत्या खोलीत किती वाजता हवा, केक सुइटमध्ये कधी आणायचा, हे सगळे पोहोचल्याबरोबर लिहून द्यावे. आणखी एक लाभ मराठी घरांनाच कळेल: दादर इथून जवळ आहे. रविवारी सकाळी रानडे रोडवर जाऊन राहिलेल्या मुंडावळ्या, हिरवा चुडा आणि परकराचे कापड अशी खरेदी उरकता येते, आणि आईचा ‘तुम्ही तिकडे मजा करा, कामे मी बघते’ हा टोमणाही टळतो.

वरळीचे फोर सीझन्स २००८ पासून आहे आणि त्याच्या ३४व्या मजल्यावरच्या एअर या उघड्या गच्चीसाठी ते प्रसिद्ध आहे. संध्याकाळी तिथून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गगनचुंबी इमारतींखाली दबलेल्या चाळी व वस्त्या असे दोन्ही एकाच नजरेत येते. मुंबईचे इतके प्रामाणिक दृश्य कुठलेच हॉटेल मुद्दाम दाखवणार नाही, पण इथे ते आपोआप दिसते. पावसाळ्यात उघड्या गच्चीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, आणि हॉटेलच्या आसपास चालत फिरण्यासारखेही फारसे काही नाही. म्हणून मी इथे मुक्काम न करता सूर्यास्ताच्या वेळी दोन तासांसाठी जावे असे म्हणेन; सागरी किनारा मार्ग झाल्यापासून नरिमन पॉइंटहून वरळी पूर्वीइतकी लांब राहिलेली नाही.

वांद्र्याच्या टोकाला, बँडस्टँडपाशी, ताज लँड्स एंड उभे आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू खोलीतून दिसावा अशी ज्यांची इच्छा आहे त्यांनी तिथली त्या बाजूची खोली मागावी. शेजारी पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेला किल्ला आहे, माउंट मेरीची टेकडी आहे, आणि दिवसभर मन्नतसमोर उभ्या असलेल्या चाहत्यांचा घोळकाही आहे. वांद्र्यात राहण्याचे खरे कारण हॉटेलबाहेरचे वांद्रेच असते: पाली हिलच्या पायथ्याची छोटी कॅफे, हिल रोडवरची कपड्यांची दुकाने, आणि रात्री उशिरापर्यंत जाग्या असलेल्या गल्ल्या. ज्या गटाला हॉटेल फक्त झोपायला आणि सकाळच्या नाश्त्याला हवे आहे, त्यांच्यासाठी हे योग्य.

जुहूचे जेडब्ल्यू मॅरियट थेट पुळणीला लागून आहे. मुंबईत राहूनही रिसॉर्टमध्ये आल्यासारखे वाटावे अशी तिथली रचना आहे; तरणतलावाकाठी दुपार काढायची, मग मागच्या बाजूने वाळूत उतरायचे, एवढाच बेत असेल तर मला त्याच्या तोडीचे दुसरे हॉटेल शहरात दिसत नाही, आणि लहान मूल बरोबर घेऊन येणाऱ्या मैत्रिणीलाही तेच सोयीचे. जुहूलाच २०१८ मध्ये सुरू झालेले सोहो हाउस हा मुळात सभासदांचा क्लब आहे. तिथले वातावरण तरुण आणि अनौपचारिक असले, तरी आवारात फोटो काढण्यावर निर्बंध आहेत, आणि ज्या समारंभाचे निम्मे प्रयोजन फोटो हेच असते त्या समारंभासाठी हा निर्बंध जड जाईल. विमानतळाजवळची आणि वांद्रे-कुर्ला संकुलातली मोठी हॉटेले राहायला उत्तम आहेत, पण दारातून बाहेर पडल्यावर पुढे काय, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. परदेशातून पहाटे येणाऱ्या मैत्रिणीला आदल्या रात्रीपुरती ती ठीक.

हॉटेल कोणतेही निवडा, काही कायदे सगळ्यांना सारखे लागू आहेत आणि ते ऐन वेळी कळले की रसभंग होतो. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षे, आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. नवरीची धाकटी बहीण किंवा मामेबहीण बहुधा याच दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असते, आणि मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये ओळखपत्र मागितले जाऊ शकते. २६ जानेवारी, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी अशा दिवशी मद्यविक्री बंद असते, तसेच मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तासही कोरडे असतात. तारीख ठरवण्यापूर्वी निवडणुकांचे वेळापत्रक पाहावे हा सल्ला विनोदी वाटला तरी अनुभवाचा आहे. रात्री १० नंतर उघड्या जागेत ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, त्यामुळे तरणतलावाकाठी किंवा हिरवळीवर नाचगाण्याचा बेत असेल तर तो संध्याकाळी सहालाच सुरू करावा. नोव्हेंबर २००८ नंतर मुंबईतल्या सगळ्या मोठ्या हॉटेलांत सामान तपासणीयंत्रातून जाते, आणि ते योग्यच आहे. सजावटीसाठी आणलेल्या फुलबाज्या, धुराच्या नळकांड्या किंवा फुग्यांसाठीचे गॅस सिलिंडर दारातच अडवले जाणार हे गृहीत धरा. फुगे आणि फुले हॉटेलकडूनच करून घ्यावीत. ती महाग पडतात, पण दुसऱ्या दिवशी भिंतीला चिकटलेल्या टेपबद्दल कुणी बोलत नाही. केकबाबतही आधी विचारावे. बाहेरचा केक काही हॉटेले चालवून घेतात, काही नाही.

जेवणाच्या बाबतीत मराठी मुलींच्या गटात एक मजेशीर पेच हमखास असतो. एकीचा शनिवार असतो, दुसरी मार्गशीर्षात सामिष खात नाही, तिसरी गरोदर आहे आणि चौथीला फक्त सुशी हवी असते. मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघराला हे सांगायला संकोच करू नये. आदल्या दिवशी कळवले तर साबुदाण्याची खिचडी मिळण्याची शक्यता चांगली असते, आणि ती सहसा इतक्या देखण्या भांड्यात येते की उपास नसलेल्याही तिच्यावर हात मारतात. स्पाच्या बाबतीत मात्र माझे मत प्रतिकूल आहे. एकाच वेळी आठ जणींना घेता येईल इतक्या खोल्या स्पामध्ये सहसा नसतात, म्हणजे दोघी-दोघी जातात, बाकीच्या वाट पाहतात आणि अख्खी दुपार तुटक होते. नवरीला एकटीला, शक्य तर तिच्या आईबरोबर, मालिशला पाठवावे आणि बाकीच्यांनी तलाव गाठावा.

राहता राहिला हिशेब, ज्यावरून मैत्री आंबट होते. संकेतस्थळावर दिसणारा खोलीचा दर बहुधा कराशिवायचा असतो. दिवसाला ७,५०० रुपयांवरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे समजा २०,००० रुपयांची खोली २३,६०० रुपयांना पडते; अशा हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावरही १८ टक्केच लागतो, तर मद्य जीएसटीच्या बाहेर असून त्याला राज्याचा व्हॅट आहे. बिलात सेवा शुल्क आपोआप लावलेले दिसले तर ते काढायला सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बक्षीस देणे हा वेगळा भाग आहे, आणि ते ज्याने खरोखर धावपळ केली त्याच्या हातात द्यावे. नवरीचा वाटा बाकीच्यांनी उचलायचा हा रिवाज आता रूढ झाला आहे. बाकी सगळे टीटीएमएम करायचे असेल तर प्रत्येक खोलीचे बिल स्वतंत्र ठेवायला सांगावे, आणि जी मद्य घेत नाही तिच्यावर कॉकटेलचा बोजा टाकू नये. एरवी गप्प राहणारी मैत्रीण या मुद्द्यावर वर्षभर मनात धरून बसते. आरक्षण करताना पैसे परत न मिळणारा स्वस्त दर मोहात पाडतो. पण मुहूर्त, हॉल आणि नवरदेवाची रजा यांच्या तालावर तारखा सरकण्याचा काळ हाच असतो, तेव्हा थोडे अधिक देऊन रद्द करता येणारा दर घ्यावा.

शेवटचा तिढा रविवारचा आहे. मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांतला रविवारचा ब्रंच हा एक सोहळाच असतो आणि बॅचलरेटचा शेवट त्यावर व्हावा असे सगळ्यांनाच वाटते. पण ब्रंच दुपारी साडेबाराच्या सुमारास सुरू होतो, तर खोली सहसा बाराला सोडावी लागते. एका सुइटपुरती तीन-चारपर्यंत मुदत आधीच मागून घेतली की आठही जणींचे सामान, वाळत घातलेले पोहण्याचे कपडे आणि संध्याकाळच्या गाडीसाठी बदलायचे कपडे एका जागी राहतात. बाकीच्या तीन खोल्यांची बिले ब्रंचला बसण्यापूर्वीच चुकती करावीत, कारण ब्रंचनंतर रिसेप्शनच्या रांगेत उभे राहून मिनीबारमधले काजू कुणी खाल्ले याचा तपास करण्याच्या मनःस्थितीत कुणीच नसते.